गाळाच्या चकत्या

राकसकोपच्या पाण्यावर सकाळी सातला
भरमा हुंदरे वल्हं आडवं धरून होडी थोपवतो
आणि आम्ही नळी सोडतो,
मीटरभर लांब, मनगटाएवढी जाड, खालून उघडी.
दोर ढिला पडला की समजायचं, तळ लागला.
मग वजन आपटायचं, दहा वेळा, वीस वेळा,
आणि अडलेलं वासरू ओढतात तसं
हळू, अगदी हळू वर घ्यायचं.

येतं ते काळं, चकचकीत,
नासक्या अंड्याच्या वासाचं.
मडिवाळर मॅडम म्हणतात, वास चांगला आहे.
खाली हवा पोचली नाही याची ही खूण.
हवा नाही, म्हणून कुजणं अर्ध्यावरच राहिलंय,
पान अजून पान आहे,
शिरा मोजता येतात.

माझं काम पट्टी लावून कापायचं.
दर सेंटिमीटरला एक चकती,
दर चकतीला एक पिशवी, पिशवीवर आकडा.
छापील कागदावर एक रकाना आहे: राज्य.
पान तुडयेकडच्या डोंगरातलं, बुडालं ते इकडे.
मी पेन टेकवते, उचलते,
पुढच्या रकान्यात जाते: खोली.

कोण कुठून आलं ते यंत्र सांगतं.
जांभूळ, अंजनी, ऐन यांच्या पाल्यातला कार्बन हलका,
उसातला किंचित जड,
आणि पाण्यातलं शेवाळ तिसरंच,
नत्राने फुगलेलं, विरायची घाई असलेलं.
वरच्या तीस चकत्यांत ऊस चढत गेलाय.
मध्येच केसाएवढ्या काळ्या रेघा:
पाचट पेटवल्याची काजळी.
त्यातली एखादी आमच्या दादाची असणार.
त्या संध्याकाळी आई दोरीवरचे कपडे झटकत म्हणाली होती,
गेला बाई एकदाचा धूर.

मग मुशीत चिमूटभर गाळ, वाळवून, तोलून,
साडेपाचशे अंशांच्या भट्टीत चार तास.
पुन्हा तोलायचं.
जे कमी भरलं, ते झाड होतं.
किती पुरलं गेलंय हे कळायला आपण ते जाळतो,
असं मी म्हटलं तेव्हा मॅडम हसल्या,
मग हसायच्या थांबल्या.
चिमूटभरच ना गं, म्हणाल्या.

तिसऱ्या नळीत, चौऱ्याण्णवाव्या सेंटिमीटरला
रंग बदलला.
काळं संपून तांबूस, घट्ट,
आणि त्यात उभंच्या उभं
भाताचं एक धसकट.
कानामागची विडी न पेटवता इतका वेळ बसलेला भरमा
वाकला.
"ह्यो गाळ न्हवं. ही जमीन की हो."
बोटाने उकरून नाकाशी नेली.
"वास त्योच हाय. खरं लई मऊ झालीया."
पाणी अडवलं तेव्हा तो आईच्या पोटात होता.
वास कुठून ठाऊक, हे मी विचारलं नाही.

नोंदवहीत चौऱ्याण्णवसमोर लिहिलंय: नळीतून निसटला.
अक्षर माझं.
आलेखाची रेघ त्र्याण्णववर तुटते
आणि मॅडम त्या टोकाशी पेन्सिल टेकवून
कधीकधी बराच वेळ बसतात.

भरमाच्या दारात, कान तुटलेल्या कपात,
ती एक चकती आहे.
तो रोज तिला पाणी घालतो, याच तलावाचं.
अजून काही उगवलेलं नाही.