साडेपाच ते सात

शाळा सुटायची पाचला.
साडेपाचला रामबागेमागच्या मैदानावर
लवाटेबाई फक्कीची पिशवी घेऊन वाकलेल्या असायच्या,
पोस्टातली नोकरी अजून बोटांवर –
जांभळी शाई, तिच्यावर पांढरी भुकटी.

आठ चौकोन. दोन खांब.
त्यातला एक जरा कललेला,
त्याला धरून वळलं की हातात कूस शिरायचं.

मी मंजिरी मुंगी.
हे आत्ता एका दमात लिहिलं.
तेव्हा हजेरीला
'म'वर माझं दार अडकायचं,
मागच्या बाकावरून कुणीतरी ते ढकलायचं –
म म म म –
आणि सगळा वर्ग हसत आत घुसायचा.

आई म्हणाली, जा, निदान भूक तरी लागेल.
एवढाच हेतू.
माझं भविष्य वगैरे घडवायला
कुणी निघालं नव्हतं.

पहिले दोन महिने नुसती बसले.
बसणं हाही खेळच असतो
हे मला गुडघ्यांनी सांगितलं.
एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला,
मधे मी, टाच उचललेली, बोटं काळ्या मातीत.
धावणारी मागे आहे
हे कळायचं फक्त तिच्या श्वासावरून.
पाठीला कान फुटतात.

नफीसा उशिरा यायची,
भावाला ट्यूशनला सोडून,
ओढणी कमरेला करकचून.
तिचा तळवा पाठीवर पडला की
पाचही बोटं अंघोळीपर्यंत टिकायची.
चंदा मालवीयचा अर्धा दात खांबावर झेप घेताना गेला;
ती खेळ थांबवून तो शोधत बसली,
पांढऱ्या फक्कीत पांढरा दात.

मग एकदा मलाच धावावं लागलं.
पुढे कुठल्याशा शाळेची उंच मुलगी, हुलकावणी देणारी,
मला मागे वळता येत नाही, नियमच तसा,
मधली रेघ ओलांडता येत नाही,
समोर नफीसाची पाठ, घामाने चिकटलेला कुडता.
मी हात मारला
आणि शब्द निघाला.

खो.

एकच अक्षर.
अडकायला त्यात जागाच नव्हती.

टाळ्या नाहीत, काही नाही.
लवाटेबाई म्हणाल्या,
"अर्धा सेकंद उशीर. पुन्हा."

हरलो त्या दिवशी, चार गुणांनी.
नाक्यावर सहा जणींत दोन द्रोण गराडू घेतले,
लिंबू पिळताना फुटलेल्या कोपराला झोंबलं,
त्यावरूनच घरापर्यंत हसलो.

आता मी बसस्टँडच्या चौकशी-खिडकीत बसते.
आणि माळव्याची खोड बघा:
महू, मांडू, महेश्वर, मंदसौर –
अर्धं जग 'म'लाच जायला निघालेलं.
'म' बरा झाला नाही, खोटं कशाला बोलू.
अडकला की काउंटरच्या फळीवर
तळवा मारते, हळूच.
समोरच्याला वाटतं, शिक्का मारला.
गाव तोंडातून सुटतं.

मागच्या गुरुवारी एक गृहस्थ आले,
सोबत मुलगी, चौदा-पंधराची,
गुडघ्यावर जुनी खपली.
कुणी ओळखीचे भेटले रांगेत, त्यांना सांगत होते,
"मैदान बंद केलं हिचं. दहावी आहे.
साडेपाच ते सात, रोज दीड तास फुकट."
मुलगी खिडकीकडे पाठ करून उभी,
बसेस मोजत असावी.

"मंदसौरची कितीला?" त्यांनी विचारलं.
मला फार काही सांगायचं होतं,
पण रांग होती, आणि समोर 'म' होता.
म – म –
त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मी फळीवर तळवा मारला.
या वेळी हळू नाही.

मुलीची पाठ ताठ झाली.
टाच उचलली गेली.

"मंदसौर," मी म्हणाले, "साडेसहा. फलाट तीन."