अधिकचं चिन्ह

पावलं जुळवा, सगुणबाब. हात सोडा.
आता डोळे मिटा.

सरजेकोटचे तांडेल, चाळीस वर्षं
काळोखात होडीच्या नाळेवर उभे राहिलेले,
दोन क्षण ताठ. मग डोलकाठीसारखे
उजवीकडे, आणखी उजवीकडे.
मी हात पसरून तयार होतेच.
आधी पकडा, मग लिहा,
असंच शिकवलं होतं आम्हाला.

या पडण्याला एका जर्मनाचं नाव आहे.
कॉलेजात ते पाठ केलं मी गल्लीच्या नावासारखं,
इथे कोण राहायचं ते न विचारता.
आज केसपेपरवर लिहिताना तो दिसला.
खरा कसा होता ठाऊक नाही, हा माझ्यापुरता:
काळा कोट, बाहीवर शाई,
बाहेर बर्फ, आत शेगडी,
समोर एखादा चांभार, किंवा लढाईतून परतलेला शिपाई,
दिवा विझला की जिन्यातच कोसळणारा.
ना गोळी, ना सुई, ना हाडांचा फोटो.
नुसतं म्हणाला असेल आपल्या भाषेत,
डोळे मीट.
आणि बघत राहिला.
मग दुसरा. मग विसावा.
केस पिकेतो हातात आलं ते एवढंच
की पाय जमिनीला विसरतात
तेव्हा माणूस डोळ्यांवर उभा असतो.

"माका दर्यात कायच होणा नाय गो," सगुणबाब पुटपुटतात,
"हयच, जमनीर.
कापसार पाय ठेवल्यासारख्या वाटता."

दाराला टेकून जयवंती.
तिला अजून कोणी काही विचारलं नव्हतं.
"शिमग्यापासून तोंड धुताना पडतत ह्ये.
डोळ्यार पाणी मारल्यानी काय गेले.
म्हणान मी रोज सकाळी
पाठसून गंजी धरतंय."

पेन थांबलं माझं.
उजाडायच्या आधी, विहिरीच्या पाथरीवर,
चूळ भरणाऱ्या नवऱ्यामागे
पदर खोचून उभी एक बाई,
मुठीत बनियन.
तिनं कुठं टिपून ठेवलं नाही.

मी त्या जर्मनाचं नाव लिहिलं, पुढे अधिकचं चिन्ह,
साखर, रक्त, ओरोसच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी.
सगुणबाब खाली बघत
एकेक पाय नजरेनं चपलेत ढकलत होते.

नाव सांगितलं तिला. दोनदा म्हणून बघितलं तिनं,
जिभेवर बसेना, सोडून दिलं.
"असूंदे. पायांका गरम पाणी घातलंय तर चलात?"

कोमट, मी म्हटलं.
आणि आधी तुमचा हात घालून बघा.