साडेनऊ आटे

वरच्या आळीला साडेनऊ आटे फिरवायचे,
खालच्या आळीला सहा. उतार आहे, पाणी आपसूक पळतं.
ठाकरवाडीला पूर्ण सोडलं तरी
तिथं पोचेपर्यंत करंगळीएवढंच उरतं.
बावीस वर्षं पंचायतीची ही चावी माझ्याकडे आहे.
गावाचं गणित मनगटात बसलंय,
कागदावर कधी मांडलेलं नाही.

परवा ग्रामसभेत साहेबांनी
पडद्यावर आणखी सात इमारती उभ्या केल्या,
एकेक अठ्ठावीस मजल्यांची.
पडदा म्हणजे शाळेतली चादर, मधोमध ठिगळ.
तिसरी इमारत बरोबर ठिगळातून वर गेली.
पोरं हसली, साहेबही हसले,
मग म्हणाले, बोला, काय शंका असतील त्या.

इंदूबाई वाळंज उठल्या. सांडपाणी कुठं सोडणार?
प्रक्रिया करून, साहेब म्हणाले.
मी कुठं विचारलं, कसं नाही.
ओढा एकच आहे, साहेब.
खाली स्मशान, वर आमची धुणी,
त्याच्या वर तुम्ही.

सर्जेराव पडळघरे रस्त्याचं बोलले.
भाताचा ट्रॅक्टर नि शाळेची गाडी समोरासमोर आली
की एकाला चिंचेपर्यंत मागं जावं लागतं.
आत्तापर्यंत बघून, हात करून जमलं.
हजार गाड्यांत कोण कुणाला हात करणार?

बबन मालपोटे सगळ्यांत जोरात बोलला.
आमचं पाणी, आमचं पाणी, असं तीनदा.
मी खाली बघितलं.
त्याच्या दोन टँकरचे हप्ते चालू आहेत,
आणि ओढ्यापलीकडे दोन वर्षांपूर्वी झालेल्या पहिल्या इमारतीत
रोज त्याच्याच विहिरीचं पाणी चढतं.
तरी खोटं बोलत नव्हता तो.
आवाज फुटला होता त्याचा.

मी काय बोलणार? माझा धाकटा
त्याच इमारतीच्या गेटवर निळ्या शर्टात उभा असतो.
शिपायानं ठरावाच्या वहीवर सह्या घ्यायच्या. घेतल्या.
एकशे चौदा, आणि नऊ अंगठे.

फाट्यावर मोठा फ्लेक्स लागलाय.
सायकल टेकवून, चष्मा लावून
मी त्यात आपलं गाव शोधलं.
नदीचा बाक बरोबर काढलाय,
डोंगर थोडा जवळ ओढलाय,
आणि आपण राहतो तिथं नुसता हिरवा रंग.
बाल्कनीतला एक माणूस चहा पीत
त्या हिरव्याकडे बघतोय.
बरं झालं, म्हटलं, तेवढे आटे कमी.

मंगळवारी रात्री साडेदहाला फोन आला.
पहिल्या इमारतीतल्या कुणी बाई, एकोणिसावा मजला.
नंबर माझ्याच पोरानं दिलेला.
दादा, टँकर आलाच नाही आज,
तुमच्याकडून काही सोडता येईल का?
मागं कुणीतरी बादली सरकवली.
रिकामी बादली वाजते तशीच वाजली,
एवढ्या उंचावरसुद्धा.
ताई, म्हटलं, तुमच्या बाजूला माझा व्हॉल्व्हच नाही.
त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या,
आमच्याकडं परभणीला दहा दिवसांनी यायचं पाणी,
म्हणून तर इथं घेतलं घर.
आणि उगाच हसल्या.
मी फोन कानालाच धरून बसलो,
त्यांनी ठेवला तरी.

पहाटे चारला वरच्या आळीच्या खड्ड्यात उतरलो.
बॅटरी दातात, चावी चौकोनात बसवली.
सात. आठ. नऊ.
नऊवर हात थांबला.
हा वरचा अर्धा आटा कुठं जाणार होता, मलाही माहीत नाही,
पाइप तिकडं जातच नाही.
तरी थांबला.

वरून इंदूबाईंची हाक आली,
झोपलास का रे खड्ड्यात?