वजावट

एप्रिलच्या तेवीस तारखेला, भर दुपारी,
टेप घेऊन मंगळवार पेठेतल्या शाळेत शिरले.
पोरं सुट्टीवर. फळ्यावर अजून
शेवटच्या पेपरची वेळ, आणि शेजारी कुणीतरी काढलेलं
मिशीवालं कलिंगड.

टेपचं दुसरं टोक खोमणे मामांकडे.
वर्गखोल्या अकरा, जिने दोन, बाकी व्हरांडा.
भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत जाते,
डॉक्टर पाठीवर करतात तशी.
आवाज भरीव आला की पुढे.
पोकळ आला की खडूने फुली.
पश्चिमेच्या भिंतीवर इतक्या फुल्या झाल्या की मामा म्हणाले,
मॅडम, फुलीगोळा खेळताय का?

हुसेनप्पाने पत्ती लावून एक पोपडा उचलला.
वर पिवळा, त्याखाली पोपटी, त्याखाली गुलाबी.
हा गुलाबी कुठल्याशा साहेबांच्या घरच्या लग्नातला उरलेला,
मामांना सगळं आठवतं.
तळाशी नीळ घातलेला चुना. मग वीट.
जिन्यापाशी मतदान केंद्राचे बाण,
दर निवडणुकीला नवा, जुना कुणीच पुसत नाही.
तीन बाण, तीन दिशा.
मतदार शेवटी मामांनाच विचारतो.

तेवढ्यात ऑफिसातून फोन.
दर्शनी भाग आधी घ्या, पंधरा जूनला पाहुणे आहेत,
रस्त्यावरून दिसेल तेवढं चकाचक करा.
हुसेनप्पा ऐकत होता. तो म्हणाला,
बाई, भिंत रडतीय. तिला पावडर नका लावू.
आधी वर चला.

वर गच्चीच्या कोपऱ्यात पावसाची नळी फुटलेली,
फटीत हातभर पिंपळ, टवटवीत,
सगळ्या इमारतीत एकटाच तब्येतीने.

तर मी असं मांडलंय:
यंदा रंग नाही.
यंदा नळी, पन्हाळ, गच्चीचा उतार, आणि तो पिंपळ मुळासकट.
पश्चिमेचे पोपडे काढून भिंत उघडी सुकू द्यायची,
दिसेल कशी ते दिसू दे.
पुढल्या वर्षापासून दर सुट्टीत दोन खोल्या.
खाली चार फूट ऑइल पेंट,
कारण तिथवर पाठी पोचतात, दप्तरं, तेल लावलेली डोकी,
आणि मधल्या सुट्टीनंतरचे हात.
वर डिस्टेंपर. तिथे फक्त पंख्याचा वारा लागतो.
अकरावी खोली होईतो पहिली पुन्हा मळलेली असेल
आणि माझी बदली झालेली.
म्हणून शेडचा नंबर प्रत्येक चौकटीच्या आत
पेन्सिलीने लिहून ठेवायचा.
फायली हरवतात, चौकटी सहसा नाही.

साहेब म्हणतील, रंगाचं एस्टिमेट मागितलं होतं,
प्लंबिंगचं नाही.
म्हणू दे.

चौथीच्या खोलीत दार ओढून मागची भिंत मोजायला गेले
तर तिथे रेघा.
गुडघ्याच्या वरपासून माझ्या खांद्यापर्यंत, बारीक,
प्रत्येकीपुढे नाव आणि महिना.
तैसीन, जून. तैसीन, एप्रिल: चांगली तीन बोटं वर.
विघ्नेश. जुळ्या अश्विनी-रोहिणी, एकाच रेघेवर.
सोपान, जून.
सोपानची दुसरी रेघ नाही.
मी मामांकडे पाहिलं, त्यांनी चपलेकडे.
मीच काढतो, म्हणाले. पोरांना आवडतं.
मागच्या रंगाच्या वेळी तेवढ्यापुढे कपाट सरकवलं होतं.

हुसेनप्पा काहीच बोलला नाही. त्याने पत्ती खिशात घातली.

संध्याकाळी मोजमाप वहीत क्षेत्रफळ काढलं.
दारं वजा. खिडक्या वजा. फळे वजा.
चौथीच्या खोलीत आणखी एक:
दीड बाय साडेचार, एक नग, वजा.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
मग लिहिलं, उघडीप.
ऑडिटवाले विचारतील, कसली? दार नाही, खिडकी नाही.
तेव्हाचं तेव्हा.

मामा टेप गुंडाळत होते, ती मध्येच अडकली.
जुन्या बाजारातली आहे, म्हणाले,
साडेचारला नेहमीच अडकते.