मगदूमांचं रीळ

सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसवली
तेव्हा कुठं मशीन फिरलं.
निपाणीत, माझ्या दुरुस्तीच्या दुकानात,
रात्री, शटर निम्मं ओढून.

आधी नुसती खरखर,
वखारीत तंबाखूचा पाला चाळतात तशी.
मग आवाज :
"गूळ, एक नंबर. मणाला सतरा रुपये आठ आणे.
संकेश्वर मिरची..."

पद्मण्णा मगदूम "सतरा" म्हणाले की
गुऱ्हाळावरचा माणूस काहिलीतला हात थांबवायचा,
असं म्हातारी माणसं सांगतात. मी नाही ऐकलेलं.
मी पाळण्यात होतो तेव्हा त्यांची पेन्शन सुरू झाली होती.

एकोणीस वर्षं भाव वाचले.
घटप्रभेचं पाणी वाचलं, हरवलेली माणसं वाचली :
अंगात निळा सदरा, डाव्या कानात बाळी,
मराठी आणि कानडी दोन्ही बोलतो.
इथं ते जरासे थांबायचे म्हणे,
कागदावर स्वतःच सापडल्यासारखे.

स्टेशनात टेपची टंचाई.
आज वाचलेलं उद्या पुसायचं,
त्याच फितीवर दुसऱ्या कुणाचं भजन.
एकोणीस वर्षांतली उरली ही अकरा मिनिटं.
रिळाचा डबा सुनेनं, सुनंदाक्कानं,
लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवलेला.
फितीला अजून हिंगाचा वास येतो.

सातव्या मिनिटाला भाव संपतात.
"श्रोतेहो, नमस्कार."
लाल दिवा विझला असणार. फीत चालूच राहिली.
खुर्ची करकरते. कुणी नाक शिंकरतं.
आणि मग तोच आवाज, पण चप्पल काढून आत आल्यासारखा :
"ऊटा आतेनो, बसलिंगा?"

बसलिंग बोलत नाही.
मान हलवली असेल, हो म्हणून किंवा नाही म्हणून.
फितीवर मान उमटत नाही.

पुढं चार मिनिटं
डब्याचं झाकण, भाकरी मोडल्याचा आवाज,
दोघांचं चावणं.
ठेचा तिखट असावा. एकजण स्स करतो,
दुसरा हसतो, तोंड भरलेलं असताना.

सुनंदाक्का उद्या येतील.
त्यांना नमस्कारापर्यंतचंच पाहिजे, शाळेत लावायला.
"मागची खरखर तेवढी कापून टाका हो," म्हणाल्यात.

कात्री घेतली. ठेवली.
माझा डबा बांधलेलाच होता, तो सोडला
आणि रीळ सातव्या मिनिटावर आणून लावलं.

नमस्कारापर्यंतचं उतरवून देईन.
रिळाचं विचारलं तर सांगेन,
बरणीला दुसरं झाकण बघा, अक्का.