नऊ फूट सहा इंच

फळी माझी नव्हे, यास्नाची.
ती आन्तोफागास्ताला तांब्याच्या खाणीवर गेली
तेव्हापासून परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आडवी,
रात्री तिच्यावर कोंबड्या बसायच्या.
मी सुरीच्या पाठीनं शीट खरवडली,
नाकावरच्या चिरेत रेझिन भरलं,
आणि मेणाची वडी गोल गोल घासत राहिले
बेकरीत पहाटे पत्र्यांना चरबी लावते तशी.
नऊ फूट सहा इंच.
म्हणजे मी,
आणि वर जवळजवळ अजून एक मी.

उन्हाळाभर कमरेएवढ्या फेसात शिकले.
आज मात्र नैर्ऋत्येकडून काहीतरी आलंय.
रात्रभर त्याची गाज
पिठाच्या कोठीपर्यंत पोचत होती.

काळ्या वाळूवर दोन निबाल्दो
कोचायुयोचे जाड पट्टे गुंडाळतोय,
समुद्रानं रात्री उपटून टाकलेले.
वर न बघता म्हणतो,
"पाणी आत येतं तसं बाहेरही जातंच की.
कुठून जातं ते बघ आधी."

मी बघत बसले. पाच मोठ्या. उसंत.
मग सात. मग उसंत आलीच नाही.
खडकाच्या कडेला पाण्याचा एक पट्टा,
जरासा गढूळ, जरासा सपाट,
आपला मुकाट बाहेर निघालेला.

छोट्या फळीवाली पोरं
बदकासारखी लाटेखालून निसटतात.
ही माझी म्हैस बुडत नाही.
टपरीवरच्या लाउतारोनं शिकवलंय:
लाट आली की दोन्ही कडा धर,
उलटी हो, फळी वर, तू खाली,
जशी कासवाची पाठ.

पहिल्यांदा उशीर झाला. कड हनुवटीवर बसली.
दुसऱ्यांदा कासव झाले,
तर लाटेनं पाठच तेवढी ओढून नेली,
घोट्याची दोरी ताणली आणि मी मागोमाग,
पुन्हा गुडघाभर पाण्यात,
नाकातोंडात वाळू.
निबाल्दो पट्टे गुंडाळतोय.

तिसऱ्यांदा खालून ऐकलं:
वरून कुणी मोठं कपाट सरकवत नेतंय
आणि मी त्याच्या खालच्या खोलीत
श्वास मुठीत धरून.
कपाट गेलं. फळी हातात होती.

मग वल्हव. वल्हव.
किनाऱ्यावरची पिवळी टपरी हलेना.
बावीस वर्षं मैदा तिंबणारे हात,
वाटलं होतं हे तरी साथ देतील,
पण थोड्या वेळानं ते दुसऱ्याच कुणाचे झाले.
कपाळात थंडीचा खिळा.
आणि समोर ती,
अजून न फुटलेली,
वरच्या काठावर वाऱ्यानं पांढरी होत चाललेली.

कासव व्हायला हवं होतं.
मी झाले नाही. का, ते माहीत नाही.
डोकं खाली घालून नुसती ओढत राहिले,
फळीचं नाक आभाळात गेलं,
क्षणभर आम्ही दोघी कशावरच नव्हतो,
आणि पलीकडे सपाट आपटलो. थाड.

मागे लाट फुटली. ती आता दुसऱ्यांची.

इथं नुसतं पाणी. वर होतं, खाली होतं.
तीन पोरं आणि एक टकला माणूस बसलेले.
टकला म्हणाला, "गार आहे."
मी म्हटलं, "हो."

लाटा पाठीमागून पाहिल्यात कधी?
गुळगुळीत, सावकाश,
पुढं काय होणार हे जणू त्यांच्या गावीही नाही.

एकही पकडली नाही.
तासभर पाय लोंबकळत ठेवून बसले.
आमच्या चिमणीचा धूर दिसला,
निबाल्दो स्वल्पविरामाएवढा.
मग लक्षात आलं
की परत जायला रस्ता हाच.

पोटावर झोपून आले, सगळा रस्ता ओरडत,
फेसानं ढकलत आणलं,
खालचं पातं वाळूत रुतेपर्यंत.
यास्नाला कळवलं: तुझी फळी तरंगते.
तिनं विचारलं, कोंबड्या कुठं झोपतात मग?

पहाटे तीनला दंड खांद्याच्या वर जाईनात.
भिंतीवरच्या वरच्या फळीवरून
पावांचा ट्रे काढायला
रोसामेलला हाक मारावी लागली.