छाट

बेळगावच्या लॉ कॉलेजात स्पर्धा होती, खोट्या खटल्याची.
माझ्या वाट्याला आलेलं न्यायालय समुद्रापलीकडचं,
कितीतरी देशांनी मिळून थाटलेलं, माणसाच्या हक्कांसाठी.
पाठांतराला मी निपाणीला आले.
हौसाक्का पान कापत होती, मांडीवर सूप.

“म्हण की मोठ्यानं. हात गुतल्यात, कान न्हाईत.”

आधी बघतात, मी म्हटलं, तक्रार कोणाची आणि कोणावर.
सरकारवर हवी, शेजाऱ्यावर चालत नाही.
मग कुठे घडलं, तिथे त्या सरकारची सत्ता चालत होती का.
मग कधी. करार लागू होण्याआधीचं असेल तर दार बंद.
मग काय. करारात लिहिलेल्या हक्कांपैकीच हवं.

तिनं दोरा दातानं तोडला.
“माझा पीएफ घे. कार्ड कागलच्या शाखेचं, मी ऱ्हाते हितं.
तकडं म्हणत्यात, कर्नाटकात जा.
हिकडं म्हणाले, कानडीत लिहून आण.
लिहून नेलं, तर म्हणाले, कार्ड म्हाराष्ट्राचं.
मधी यष्टीचं एक तिकीट.”

मी पुढे गेले, दुसऱ्या दिवशी सकाळीच फेरी होती.
देशातली सगळी दारं आधी ठोठावलेली हवीत,
शेवटच्या नकारापासून चार महिन्यांत यायला हवं,
निनावी नको,
आणि नुकसान अगदीच किरकोळ नको.

“किरकोळ कुणी ठरवायचं?”
मी वही चाळली.
त्यांनीच.

“कारखान्यात टेबलापलीकडं एक माणूस असतो,” हौसाक्का म्हणाली,
“तो बिडी वढून बघत न्हाई.
नुसती दाबतो. तोंड मोडलंय का नीट, जाड हाय का बारीक.
हजारातली शंभर बाजूला सारतो, ती छाट.
छाटची मजुरी न्हाई.
बिडी मातर ठेवून घेतो.
तुझं कोर्ट परत देतं काय, छाट?”

नाही. वर्षभर ठेवतात,
मग कागद नष्ट करतात.

“आनि आपला देश हाय त्यात?”

आपल्याकडे असं कोर्टच नाही, अक्का.

तिची कात्री थांबली नाही.
पान तेवढं वाकडं कापलं गेलं.
ते तिनं स्वतःच बाजूला टाकलं.

स्पर्धेत परीक्षक म्हणाले, अधिकारक्षेत्रापासून सुरू करा.
कोण, छान झालं.
कुठे, म्हटलं
आणि कागलच्या फाट्यावर यष्टीची वाट बघत उभी राहिले,
हातात कानडी अर्ज.

अडखळल्याबद्दल दोन गुण कापले.